आज्ञा आणि प्रतिज्ञा : नागपूरच्या धम्मदीक्षेचा एक दुर्लक्षित पैलू

१/ बाहेरून लादलेला धर्मनियम माणूस पाळतो किंवा मोडतो. तो त्याचा स्वतःचा होत नाही. मग नियम अंतःकरणात रुजतो तरी कसा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या घटनेकडे या प्रश्नाच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते.

२/ धर्मशास्त्राचे निर्बंध ज्यांच्यावर सर्वाधिक कठोर होते, त्यांनाच वेदाध्ययनाची मनाई होती. म्हणजे ज्या नियमांनी आयुष्य बांधले, त्यांचा आधार वाचून पारखण्याचा अधिकार नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागे या अन्यायाचीही जाणीव होती.

३/ १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृतीची पारख करायला शिकवते. आज्ञा पाळणाऱ्याचे कृत्य यांत्रिक असू शकते. तत्त्वाने वागणारा मात्र आपल्या कृत्याला जबाबदार ठरतो. धर्म तत्त्वांचा असावा, हा त्यांचा आग्रह होता.

४/ वीस वर्षांनी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी पत्नी सविता यांच्यासह त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यानंतर समोरच्या समुदायाला दीक्षा मात्र त्यांनी स्वतः दिली आणि २२ प्रतिज्ञा मराठीतून म्हणवून घेतल्या. एका उपासकाने लाखोंना दीक्षा द्यावी, हे परंपरेला नवीन होते. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असेही त्यांनी जाहीर केले.

५/ येथे व्याकरण बोलके आहे. पंचशीलातील प्रत्येक शीलाला पालीत ‘सिक्खापद’ म्हणतात : शिकण्याचा नियम, अभ्यासाची पायरी. त्याचे क्रियापद ‘समादियामि’, म्हणजे ‘मी ग्रहण करतो’. ‘तू चोरी करू नकोस’ असे सांगणारा येथे कोणी नाही. २२ प्रतिज्ञांचा कर्ताही ‘मी’च आहे. आज्ञा द्वितीय पुरुषात असते, प्रतिज्ञा प्रथम पुरुषात. आज्ञा मोडली तर माणूस दुसऱ्याचा अपराधी ठरतो. प्रतिज्ञा मोडली तर स्वतःचाच.

६/ या प्रतिज्ञा सोप्या नव्हत्या. जुन्या देवांची उपासना सोडायची, श्राद्ध व पिंडदान करायचे नाही, दारू प्यायची नाही, सर्व माणसे समान मानायची, प्राणिमात्रांवर दया करायची. अनेक घरांतील मूर्ती आणि तसबिरी विसर्जित झाल्या. पण देव्हारा एका दिवसात रिकामा होतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे भय आणि सवयी तशा रिकाम्या होत नाहीत. मृत आईचे श्राद्ध न करणे म्हणजे तिला विसरणे नव्हे, हे मनाला पटवणे प्रतिज्ञा उच्चारण्यापेक्षा कठीण होते.

७/ दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षितांना शिकवू शकतील असे भिक्खू मोजकेच होते. वचन दिले होते, ते समजावून देणारा गेला होता.

८/ पुढचे काम अध्ययनाने आणि वंदनेने केले. ‘बौद्ध पूजापाठ’ बाबासाहेबांनी सिद्ध करून ठेवला होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, पुढे मराठीतही आला. वस्तीवस्तीत विहारे उभी राहिली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात तेथे हा ग्रंथ क्रमाने वाचण्याचा प्रघात पडला. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. कालपर्यंत ज्यांना धर्मग्रंथ निषिद्ध होता, त्यांच्या घरातील मुले-मुली आता मोठ्यांना धर्मग्रंथ वाचून दाखवू लागली. नामकरण, विवाह, पुण्यानुमोदन अशा प्रत्येक प्रसंगी त्रिशरण-पंचशील म्हटले जाऊ लागले.

९/ यात एक धोकाही आहे. रोज म्हटलेले शील केवळ तोंडपाठ राहू शकते, आणि मग प्रतिज्ञेचीच पुन्हा रूढी होते. सकाळी मद्यपानाविरुद्धचे शील म्हणून संध्याकाळी ते मोडणाऱ्याला पाली उच्चार कितीही शुद्ध असले तरी वाचवत नाहीत. ग्रंथात या धोक्याची जाणीव स्पष्ट आहे : विद्या सर्वांना खुली हवी, पण नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, प्रज्ञेला शीलाची जोड हवी, शीलाबरोबर करुणा हवी, आणि करुणेच्याही पुढे मैत्री हवी.

१०/ म्हणूनच अध्ययन आणि वंदना यांना एकमेकांची गरज आहे. अध्ययनाशिवाय वंदना ही नवी आज्ञा होते. वंदनेशिवाय अध्ययन कोरडे पांडित्य होते. दीक्षाभूमीवर दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीत पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि स्तूपापुढे हातही जोडले जातात. नियम आपलासा होण्याचे हे दोन मार्ग तेथे शेजारी शेजारी दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ हा प्रतिज्ञा उच्चारण्याचा दिवस होता. ती आपलीशी करण्याचे काम त्या दिवशी सुरू झाले, आणि ते प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.