मुसाफिरखाना ते लाउंज : बेळगाव-निपाणी परिसरातील प्रवाशाच्या विसाव्याचा इतिहास

दीर्घ पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला निघालेल्या प्रवाशाने उड्डाणापूर्वी सुमारे तीन तास विमानतळावर हजर राहावे, अशी विमान कंपन्यांची अपेक्षा असते. सामान सोपवणे, पारपत्राची तपासणी आणि सुरक्षा तपासणी आटोपल्यानंतर यातला जो वेळ उरतो, तो घालवण्यासाठी मोठ्या विमानतळांवर जी खास दालने असतात त्यांना लाउंज म्हणतात. मऊ खुर्च्या, गरम जेवण, चहा-कॉफी, स्नानगृह आणि सामान्य प्रतीक्षागृहातल्या गर्दीपासून सुटका एवढे तिथे मिळते. मात्र वरच्या वर्गाचे तिकीट, विमान कंपनीचे विशेष सभासदत्व किंवा ठरावीक बँकेचे कार्ड असल्याशिवाय दार उघडत नाही. बेळगाव आणि निपाणी परिसरातील प्रवाशाला ही सोय नेहमीच दुसऱ्याच्या गावात भेटते, कारण बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी जाणारी नियमित विमानसेवा नाही आणि त्याला गोवा, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. तरीही प्रवाशाला थांबवणे, त्याची प्रतवारी लावणे आणि त्या प्रतवारीनुसार त्याला निवारा देणे या व्यवहाराचा या परिसराला दीर्घ अनुभव आहे. त्या अनुभवाच्या क्रमात पाहिले तर लाउंज ही परकी आणि अगदी नवी संस्था न वाटता एका जुन्या व्यवस्थेची अलीकडची अवस्था ठरते.

हा परिसर मुळातच मधल्या मुक्कामाचा आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग कागल सोडून निपाणीला येतो, तवंदीचा घाट चढतो आणि संकेश्वर, हत्तरगीवरून बेळगावला पोहोचतो. बेळगावहून पश्चिमेला सह्याद्री उतरणाऱ्या वाटा गोव्याला आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जातात. निपाणीजवळचे स्तवनिधी हे जैन तीर्थक्षेत्र आणि सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर यांच्याकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची ये-जा याच वाटांवर चाले. अशा वाटसरूंसाठी धर्मशाळा, मठ, मंदिरांच्या ओवऱ्या आणि गावची चावडी ही निवाऱ्याची ठिकाणे होती. धर्मशाळेत साधारणपणे छप्पर, विहिरीचे पाणी आणि चूल मांडायला जागा एवढेच मिळे. शिधा ज्याचा त्याने आणायचा, आणि जिथे अन्नही फुकट मिळे त्या ठिकाणाला अन्नछत्र असे वेगळे नाव होते. खर्च दात्याच्या देणगीतून किंवा इनाम जमिनीच्या उत्पन्नातून भागत असल्याने प्रवाशाला पैसे पडत नसत; पण म्हणून धर्मशाळा सर्वांना खुली होती असे नाही. कोणी ओसरीवर टेकायचे, कोणी अंगणात आणि कोणी गावकुसाबाहेर, हे जात ठरवत असे.

पेशवाईच्या अस्ताच्या सुमारास, १८१८ मध्ये, बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, तिथे लष्करी छावणी उभी राहिली आणि १८३६ मध्ये बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला. छावणीला लागणारा माल आणि माणसे मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला येत व तिथून घाट चढून बेळगावला पोहोचत. पावसाळ्यात किनाऱ्यावरची जलवाहतूक थंडावत असल्याने वेंगुर्ला-बेळगाव मार्गावर थांबणे हा प्रवासाचाच भाग झाला होता. सावंतवाडी संस्थानचा पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने विकसित केलेले आंबोली हे थंड हवेचे ठिकाण याच वाटेवरचे. या काळात मुख्य रस्त्यांवर मुसाफिर बंगला, ज्याला डाक बंगलाही म्हणत, ही नवी वास्तू आली. सरकारी खर्चाने बांधलेल्या या बंगल्यात ठरावीक शुल्क भरून खोली मिळे, खानसामा म्हणजे स्वयंपाक व देखरेख करणारा नोकर असे, नोंदवहीत नाव लिहावे लागे आणि दौऱ्यावरील अधिकाऱ्याला अग्रक्रम असे. दात्याची जागा सरकारने घेतली आणि जातीच्या जोडीला हुद्दा हा दुसरा निकष उभा राहिला.

रेल्वेने या दोन्ही निकषांवर तिकिटाचा तिसरा थर चढवला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत बेळगाव मीटर गेजच्या, म्हणजे रुळांतील अंतर एक मीटर असलेल्या, लोहमार्गाने जोडले. लोंढ्याहून तोच मार्ग गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेला मिळाला. वेंगुर्ल्याचे महत्त्व त्यानंतर ओसरले. निपाणीला मात्र रेल्वे आलीच नाही. तंबाखूच्या व्यापाराने भरभराटीला आलेल्या या गावाच्या प्रवाशाला चिकोडी रोड किंवा कोल्हापूर स्थानक गाठावे लागे आणि गाडी चुकू नये म्हणून बराच आधी निघावे लागे. रुळांच्या रुंदीतला फरक हे वाट पाहण्याचे आणखी एक कारण होते. मुंबई-पुणे मार्ग ब्रॉड गेजचा, म्हणजे रुंद रुळांचा, असल्याने बेळगावच्या प्रवाशाला पुण्यात गाडी बदलावी लागे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुणे-मिरज मार्ग रुंद झाल्यावर ही अदलाबदल मिरजेला आली आणि १९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्गाचे रुंदीकरण झाल्यावरच ती संपली. तोवर पुणे आणि मिरज ही स्थानके बेळगावकरांच्या पिढ्यांसाठी पथाऱ्या टाकून रात्र काढण्याची ठिकाणे होती.

स्थानकावरील विसाव्याची रचना तिकिटाच्या वर्गानुसार केलेली असे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गासाठी वेटिंग रूम, तिथे आरामखुर्च्या, आरसा, न्हाणीघर आणि देखभालीला नोकर. स्त्रियांसाठी वेगळी खोली. तिसऱ्या वर्गासाठी मुसाफिरखाना, म्हणजे बहुधा उघडी पडवी आणि मोजकी बाके. पिण्याच्या पाण्याची आणि खाण्याची सोयही धर्मानुसार वेगळी असे. रेल्वेचे प्रवासी-उत्पन्न मोठ्या प्रमाणावर तिसऱ्या वर्गाकडून येत असूनही सोयी मात्र वरच्या वर्गाला मिळत, ही त्या व्यवस्थेतील मूळ विसंगती होती, आणि महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासावर १९१७ मध्ये लिहिलेल्या लेखात या हलाखीवर बोट ठेवले होते. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तेव्हा देशभरातून आलेल्या असंख्य प्रतिनिधींनी याच रेल्वेचा आधार घेतला होता.

तिकीट असले म्हणजे सन्मान मिळतोच असेही नव्हते, आणि सन्मान मिळायला तिकीट लागतेच असेही नव्हते. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, तेव्हा त्यांच्याजवळ ओळखीची चिठ्ठी होती. त्या बळावर ते वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी आणि नंतर वन अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. पुढच्याच वर्षी, ३१ मे १८९३ रोजी, ते मुंबईहून ‘पेनिन्सुलर’ जहाजाने परदेशी निघाले, तेव्हा खेतडीच्या राजांनी त्यांच्यासाठी पहिल्या वर्गाच्या तिकिटाची व्यवस्था केली होती. ओळख, यजमान आणि आश्रयदाता यांच्या साखळीतून चालणाऱ्या प्रवासाचे हे ठळक उदाहरण आहे. याच्या नेमके उलटे उदाहरण पुणे-मिरज लोहमार्गावरील मसूर स्थानकावर १९०१ मध्ये घडले. वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघालेले बालवयातील भीमराव आंबेडकर आणि घरातली इतर मुले नीटनेटक्या वेशात गाडीतून उतरली. पण ती महार जातीची आहेत हे समजताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक जण राजी झाला. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात ही घटना नोंदवली आहे. रेल्वेने तिकीट सर्वांना विकले, पण स्थानकाच्या आवारातली जात तिने पुसली नव्हती.

सार्वजनिक निवाऱ्याच्या इतिहासात म्हणूनच १९२३ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने हा ठराव या परिसरालाही लागू होता. याच परिसरात, एप्रिल १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. ठराव कागदावर झाला तरी तो गावोगाव अमलात येणे ही वेगळी लढाई होती, आणि पुढे १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्यात एस.टी. म्हणजे राज्य परिवहन सेवा सुरू झाली. एस.टी. स्टँड हे या इतिहासातील एक वेगळे प्रकरण आहे, कारण तिथे वर्ग नव्हते आणि निवाऱ्याच्या दाराशी ओळख, हुद्दा किंवा तिकीटही पाहिले जात नव्हते. बाके, कँटीन, पाणपोई आणि चौकशी खिडकी सर्वांना एकच होती. स्वच्छता आणि सोयी यथातथाच असल्या तरी समान हक्काने वाट पाहण्याची जागा या परिसरात पहिल्यांदा व्यापक प्रमाणावर मिळाली ती इथे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेल्यानंतर या मार्गांवर दोन राज्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. तेव्हापासून बेळगाव कोणत्या राज्यात असावे हा सीमाप्रश्न तापला की कागल-कोगनोळीच्या सीमेवर बससेवा खंडित होते आणि वाट पाहण्याचे कारण अंतर नसून राज्याची हद्द असते.

विमानतळ या परिसरात स्वातंत्र्यापूर्वीच आले होते. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानकाळात १९३९ मध्ये सुरू झाला. सांबऱ्याचा १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने बांधला. योगायोग असा की लाउंज या संस्थेचा उगमही १९३९ चाच. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ हे दालन उघडले. सुरुवातीला तिथला प्रवेश निमंत्रणानेच मिळे, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठीचेच ते रूप होते. पुढे वर्गणी भरणारे सभासद, वरच्या वर्गाचे तिकीटधारक आणि वारंवार प्रवास करणारे ग्राहक असे या वर्तुळाचे कडे रुंदावत गेले. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’ने कोणत्याही एका कंपनीशी न बांधता अनेक विमानतळांवरील लाउंजची दारे एका कार्डावर उघडण्याची पद्धत रूढ केली.

भारतात एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली परदेशी फेरी ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेली. त्याआधी दोन वर्षे बॉबी कूका यांची कल्पना आणि चित्रकार उमेश राव यांची रेखा यांतून ‘महाराजा’ हे बोधचिन्ह आकाराला आले होते, आणि विमान कंपनीने आपल्या लाउंजलाही महाराजाचेच नाव दिले. संस्थाने विलीन होत असतानाच्या काळात तिकीटधारक प्रवाशाला राजेशाही पाहुणचाराचे आश्वासन त्या चिन्हात होते. अलीकडच्या दोन दशकांत मोठे विमानतळ खाजगी भागीदारीत गेले, मुंबईचे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले आणि लाउंज हा स्वतंत्र व्यवसाय बनला. यात प्रवासी कार्ड दाखवून बहुधा दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम भरतो. प्रत्यक्ष खर्च बँक किंवा कार्ड कंपनी प्रत्येक प्रवेशामागे लाउंजचालकाला चुकता करते आणि तो ग्राहकांकडून येणाऱ्या इतर उत्पन्नातून भरून काढते. कार्डे फार झाली तसे लाउंजबाहेरही रांगा लागू लागल्या, तेव्हा अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केलेली असावी अशी अट घातली.

बेळगाव परिसरातून परदेशी जाण्याची कारणे आज पुष्कळ आहेत. हत्तरगी येथे २००९ पासून विमानांचे सुटे भाग बनवणारी ‘एकस’ची औद्योगिक वसाहत आहे आणि बेळगावच्या केएलई या शिक्षणसंस्थेच्या आवारात २०१० पासून मलेशियाच्या विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय अभ्यासक्रम चालतो. सांबऱ्याचे सध्याचे टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये खुले झाले, ‘उडान’ म्हणजे प्रादेशिक हवाई जोडणीच्या केंद्रीय योजनेतून २०१९ नंतर देशांतर्गत फेऱ्या वाढल्या आणि १० मार्च २०२४ रोजी आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. तरी परदेशी जाणारा प्रवासी अजून रात्रीच्या बसने मुंबई किंवा बेंगळुरू गाठतो, अथवा घाट उतरून दाबोळी किंवा जानेवारी २०२३ पासून सुरू असलेल्या मोपा विमानतळावर जातो. लांबचा प्रवासी धोका नको म्हणून लवकर निघतो. त्यामुळे विमानतळावर सर्वाधिक ताटकळणाऱ्यांत तोच असतो.

धर्मशाळेत जात, बंगल्यात हुद्दा, स्थानकात तिकिटाचा वर्ग आणि लाउंजमध्ये खर्च करण्याची क्षमता, असा प्रवेशाचा निकष बदलत गेला. जन्मावर ठरणारा निकष जाऊन पैशावर ठरणारा आला, हा बदल लहान नाही, आणि मसूरच्या फलाटाची आठवण ठेवणाऱ्याने तो कमी लेखू नये. परंतु वेगळ्या दालनातील सोय जितकी वाढते तितके सामान्य प्रतीक्षागृहाकडे दुर्लक्ष करणे व्यवस्थापनाला सोपे जाते, हे रेल्वेच्या वर्गव्यवस्थेने एकदा दाखवून दिले आहे. सांबऱ्याला उद्या आंतरराष्ट्रीय उड्डाणे आली आणि त्यांच्यासोबत लाउंजही आले, तर त्यात गैर काही नाही. मात्र त्या विमानतळाची पारख लाउंजच्या थाटावरून करू नये. ज्याच्याजवळ फक्त साधे तिकीट आहे अशा प्रवाशाला स्वच्छ पाणी, नीट स्वच्छतागृह, परवडणारे खाणे आणि पाठ टेकायला जागा मिळते की नाही, यावरूनच ती केली पाहिजे.