झरीचे ठराव

मुंबईहून गुजराथकडे जाणारी आगगाडी डहाणू रोड स्टेशनांत थांबते, तेव्हां उतारूस दिसतात त्या पश्चिमेकडील चिकूच्या वाड्या आणि त्यांपलीकडचा समुद्र. पूर्वेकडे, तलासरीच्या बाजूस, वारली लोकांचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे, त्याकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. परंतु आपल्या पुढील आयुष्याचा आराखडा आपणच ठरवावयाचा, ही गोष्ट या मुलुखांतील निरक्षर माणसांनीं १९४५ सालीं करून दाखविली.

तत्पूर्वींची स्थिति काय होती? जमिनी सावकार-जमीनदारांच्या हातीं गेलेल्या, आणि ज्यांच्या त्या होत्या तेच त्यांवर खंडकरी किंवा वेठबिगार म्हणून राबत. वेठ म्हणजे मालकानें बोलाविलें कीं आपलें शेत टाकून फुकट कामास जाणें. याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठीं कर्ज काढावें आणि त्याच्या फेडीपायीं नवराबायकोनें मालकाच्या दारीं वर्षानुवर्षें खपावें. कर्ज मात्र फिटत नसे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं सिमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें ही हकीकत सरकारास लेखी कळविली होती. अहवाल छापून निघाला. वेठ चालूच राहिली.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. तिला माह्या धांगडा व त्याच्याबरोबर कांहीं वारली गेले होते. आपलें गाऱ्हाणें त्यांनीं तेथें सांगितलें आणि पुढें शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य या भागांत कामास लागलें. ता. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें सभा झाली. हें गांव त्या वेळीं ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत मोडत असे. आतां तें तलासरी तालुक्यांत आहे. सुमारें ५,००० वारली पायीं चालत आले. ठरलें तें असें : रोजचे १२ आणे रोख मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी शेतावर जावयाचें नाहीं, फुकट काम करावयाचें नाहीं, कोणी हात उगारल्यास सर्वांनीं मिळून प्रतिकार करावयाचा.

या ठरावांत सरकारला विनंति अशी एकही नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्या काळच्या परिषदांत अर्जविनंत्यांची रेलचेल असे. येथें जें ठरलें तें ठरविणारांनींच पाळावयाचें होतें, म्हणूनच तें पाळलेंहि गेलें. लिहितांवाचतां न येणाऱ्यांनीं पाड्यापाड्यांतून ही वार्ता तोंडीं पोंचविली, आणि थोड्याच आठवड्यांत वेठ बंद पडून लग्नगडी मालकांचीं घरें सोडून निघाले.

पावसाळा सरल्यावर गवताच्या कापणीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवतास अडीच रुपये, ही मागणी घेऊन संप सुरू झाला. ता. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, सभा असल्याच्या भुमकेवरून तलवाड्यास हजारों माणसें जमलीं असतां पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पांच जण ठार झाले. तरीहि संप मोडला नाहीं. पुढल्या वर्षीं जंगलकामाच्या मजुरीसाठीं दुसरा लढा झाला, त्यांत रोजीं सव्वा रुपयाचा दर मान्य करून घेण्यांत आला. गोदावरीबाईंनीं हा सारा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकांत लिहून ठेवला आहे.

मात्र झरीस मजुरीचा प्रश्न सुटला, जमिनीचा व जंगलाचा नाहीं. कुळकायदा १९४८ सालीं आला. वनहक्काचा कायदा येण्यास २००६ साल उजाडावें लागलें. दरम्यान १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस आपल्या गांवच्या व्यवहारांत बोलण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षीं, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, डहाणू तालुक्याच्या पर्यावरण-रक्षणासाठीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. वाढवण येथील बंदराची योजना या प्राधिकरणानें १९९८ सालीं नाकारली. पुढें २०२३ मध्यें त्याच प्राधिकरणानें नव्या योजनेस संमति दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्यें पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं मात्र या बंदरास अखेरपर्यंत विरोधच केला होता.