क्ष-किरण तंत्रज्ञाचे प्रशिक्षण

क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणजे रोगनिदानासाठी क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. व्यवहारात या व्यक्तीस 'एक्स-रे टेक्निशियन' किंवा 'रेडिओग्राफर' असेही म्हणतात. प्रतिमा घेणे हे तंत्रज्ञाचे काम, तर तिचा अर्थ लावून अहवाल देणे हे क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांचे काम असते. सोनोग्राफी हीदेखील प्रतिमादर्शनाचीच पद्धती असली, तरी भारतात तिच्यावर स्वतंत्र कायद्याचे नियंत्रण आहे. त्यामुळे या दोन क्षेत्रांत तंत्रज्ञाला मिळणारे अधिकार भिन्न आहेत. अभ्यासक्रम निवडताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

जर्मनीतील व्ह्यूर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लावला. किरणांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह त्यांना दिले. मराठीत अज्ञात राशीसाठी 'क्ष' वापरण्याचा प्रघात असल्याने 'क्ष-किरण' हे नाव रूढ झाले. या शोधासाठी १९०१ मध्ये राँटगेन यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. ८ नोव्हेंबर हा दिवस जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो.

आरंभीच्या काळात या किरणांच्या घातकतेची कल्पना नव्हती. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे क्ष-किरणांच्या सततच्या संपर्कामुळे झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये मरण पावले. अशा रीतीने प्राण गमावलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ व तंत्रज्ञांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे उभारण्यात आले. आजच्या प्रशिक्षणात किरणसुरक्षेला जे स्थान आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

प्रवेश व अभ्यासक्रम

या अभ्यासक्रमांसाठी सामान्यतः भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांसह बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण असणे आवश्यक असते. पदविका व पदवी असे दोन मुख्य मार्ग आहेत. महाराष्ट्रात नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांमध्ये पदवी शिक्षणाची सोय आहे. पदवी अभ्यासक्रमात शिक्षणाच्या वर्षांनंतर रुग्णालयातील आंतरवासिता पूर्ण करावी लागते.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक चौकट दिली. संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाचा कालावधी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचा असावा, असे या कायद्यात नमूद आहे. काही महिन्यांत तंत्रज्ञ घडविण्याची हमी देणाऱ्या वर्गांचे मूल्यमापन करताना हा निकष उपयोगी पडतो.

अभ्यासविषय

शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, किरणभौतिकी, यंत्ररचना, रुग्णाची स्थिती निश्चित करण्याचे तंत्र, किरणसुरक्षा व रुग्णसेवा हे मुख्य विषय होत. सीटी स्कॅन व एमआरआय यांची तत्त्वेही शिकविली जातात. एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरले जात नाहीत. परंतु तेथील प्रबळ चुंबकामुळे लोखंडी वस्तू वेगाने खेचल्या जातात. म्हणून रुग्णाच्या शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा आहे काय, याची चौकशी आधी करावी लागते.

विद्यार्थ्याला सैद्धांतिक ज्ञानाची सांगड प्रत्यक्ष कृतीशी घालावी लागते. छातीचे क्ष-किरण चित्र हे याचे चांगले उदाहरण आहे. शक्य असल्यास रुग्णाला छाती ग्राहकफलकाला टेकवून उभे करतात व किरण पाठीकडून सोडतात. हृदय छातीच्या पुढच्या भागात असल्याने या स्थितीत ते फलकाजवळ येते व त्याची छाया अवास्तव मोठी पडत नाही. किरणनलिका सुमारे १८० सेंटिमीटर दूर ठेवण्याचे कारणही हेच. खांदे पुढे वळविल्याने खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरतात आणि खोल श्वास रोखून धरल्याने फुप्फुसे पूर्ण विस्तारतात. डावी-उजवी बाजू दर्शविणारे शिशाचे अक्षर लावणे ही लहानशी बाब. पण ते चुकल्यास डॉक्टरांचा निष्कर्षही चुकू शकतो.

किरणांची भेदकता किलोव्होल्टवर आणि किरणांचे प्रमाण मिलिअँपिअर-सेकंदांवर अवलंबून असते. कृश बालक व स्थूल प्रौढ यांसाठी ही मूल्ये वेगवेगळी ठेवावी लागतात. चित्र सदोष निघाल्यास ते पुन्हा घ्यावे लागते आणि रुग्णाला दुप्पट किरण सोसावे लागतात. त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात निर्दोष चित्र घेणे हे कौशल्याचे, तसेच सुरक्षेचेही लक्षण मानले जाते.

किरणसुरक्षा

भारतात क्ष-किरण यंत्रांच्या वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. अणुऊर्जा अधिनियम, १९६२ व अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियम, २००४ हे त्याचे कायदेशीर आधार राहिले आहेत. किरणक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे.

संरक्षणाची तीन सूत्रे विद्यार्थ्यांना शिकविली जातात: संपर्काचा काळ कमी ठेवणे, अंतर वाढविणे आणि मध्ये आडोसा असणे. अंतर दुप्पट केल्यास किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते. आडोशासाठी शिसे असलेला ॲप्रन व संरक्षक भिंत वापरतात. तंत्रज्ञाने छातीवर, ॲप्रनच्या आत, टीएलडी बिल्ला लावायचा असतो. ठरावीक काळाने तो प्रयोगशाळेत पाठवून शरीराला मिळालेली किरणमात्रा मोजली जाते. बिल्ला किरणांना अडवीत नाही. तो केवळ नोंद ठेवतो. नोकरीच्या ठिकाणी असा बिल्ला प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्रपणे दिला जातो किंवा नाही, यावरून तेथील सुरक्षाव्यवस्थेची कल्पना येते.

सोनोग्राफी व कायदा

सोनोग्राफीत माणसाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे २०,००० हर्ट्‌झहून अधिक वारंवारितेच्या श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरतात. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याविषयी लेख प्रसिद्ध केल्यानंतर प्रसूतिशास्त्रात तिचा प्रसार झाला. अमेरिकेत प्रशिक्षित सोनोग्राफर स्वतः तपासणी करून प्रतिमा टिपतो व डॉक्टर त्यावरून अहवाल देतात.

भारतातील स्थिती वेगळी आहे. गर्भलिंगनिदान करून स्त्रीगर्भ पाडण्याच्या प्रकारांमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मधील दुरुस्तीनंतर तो 'गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रे (लिंगनिवडीस प्रतिबंध) अधिनियम' या नावाने ओळखला जातो. या कायद्यानुसार गरोदर स्त्रीची सोनोग्राफी पात्र नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावयाची असते. केवळ एमबीबीएस असलेल्या डॉक्टरांसाठीही २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचे प्रशिक्षण विहित केले. साहजिकच, 'सोनोग्राफी टेक्निशियन'चे प्रमाणपत्र मिळाले म्हणून स्वतंत्रपणे अशी तपासणी करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. तंत्रज्ञ रुग्णाची तयारी, यंत्राची निगा व नोंदी यांत साहाय्य करू शकतो.

या साहाय्यालाही कायदेशीर जबाबदारी जोडलेली आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास कायद्याने मनाई आहे. केंद्रात तांत्रिक सेवा देणारा कर्मचारीही शिक्षेच्या कक्षेत येतो. पहिल्या अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यातील त्रुटीही कायद्याचा भंग मानण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. म्हणून नोंदींचे शिक्षण हा या प्रशिक्षणाचा गौण भाग मानता येत नाही.

सेवासंधी

महाराष्ट्रातील ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, महानगरपालिकांची रुग्णालये व खासगी निदानकेंद्रे येथे क्ष-किरण तंत्रज्ञांची आवश्यकता असते. अनुभव व पुढील शिक्षणानंतर सीटी स्कॅन, एमआरआय, हृदयवाहिन्यांच्या तपासणीचा विभाग, किरणोपचार आणि अध्यापन ही क्षेत्रे खुली होतात. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता व विद्यापीठाशी संलग्नता, संलग्न रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास आणि यंत्रांची उपलब्धता या गोष्टी तपासणे आवश्यक असते.