अब्बासियाचा जमाखर्च

सरकारी कागदावर आमचा पत्ता 'जलीब अल-शुयूख, फरवानिया' असा असतो. पण टॅक्सीवाल्यापासून शाळेच्या बसवाल्यापर्यंत सगळे म्हणतात अब्बासिया! मी इथे २००१ साली लग्न होऊन आले आणि पहिल्या महिन्यापासून घरखर्चाची वही ठेवायला लागले. आईची सवय, दुसरं काय. त्या वह्या चाळताना वाटलं, आपल्यासारख्यांच्या मिळकतीचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. कारण गावाकडे विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "तिकडे पगार किती?" आणि उत्तर दिलं की समोरचा लगेच मनातल्या मनात गुणाकार करतो.

गंमत म्हणजे एके काळी हा गुणाकार करावाच लागत नव्हता. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपयाच चालत होता! तेल निघायच्या आधीपासून इथली गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला यायची आणि परत जाताना तांदूळ, चहा, कापड, मलबारचं लाकूड आणायची. १९४६ साली तेलाची पहिली निर्यात झाली, तरी चलन रुपयाच राहिलं. पुढे सोन्याची चोरटी आयात वाढली, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्या फार दिवस टिकल्या नाहीत. १ एप्रिल १९६१ ला कुवेती दिनार आला. भाव ठरला १३ रुपये ३३ पैसे, म्हणजे तेव्हाच्या एका ब्रिटिश पौंडाएवढा. ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि तोच दिनार एका रात्रीत २१ रुपयांचा झाला. इथल्या माणसाचा पगार एक फिल्सनेही वाढला नव्हता, पण गावाकडे तो श्रीमंत झाला. आपल्या सगळ्यांच्या श्रीमंतीची मेख इथेच आहे.

उलटा अनुभव आला १९९० मध्ये. तेव्हा दिनार साठ रुपयांच्या आसपास होता. २ ऑगस्टला इराकी फौजा शिरल्या, दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा असल्याचं जाहीर झालं आणि पुढे तो रद्दच केला गेला. वीस-वीस वर्षांची बचत असलेली माणसं दोन बॅगा घेऊन अम्मानला पोचली. तिथून एअर इंडियाने लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईला आणलं. कुवेत मुक्त झाल्यावर मार्च १९९१ मध्ये नव्या नोटा निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने केवळ देश सोडावा लागल्याबद्दल एकट्या माणसाला २,५०० किंवा ४,००० डॉलर आणि कुटुंबाला ५,००० किंवा ८,००० डॉलर अशी ठरावीक रक्कम दिली. आयोगाचं सगळं देणं फिटायला २०२२ साल उजाडलं!

आता माझ्या वह्यांकडे येते. २००१ ला दिनार दीडशे रुपयांच्या आसपास होता आणि २००७ च्या अखेरीस त्याहूनही थोडा कमी. सात वर्षं भाव जागच्या जागी! तिकडे पुण्यातल्या फ्लॅटच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, आणि इकडे डॉलर घसरल्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महागली. मे २००७ मध्ये कुवेतने दिनाराची डॉलरशी बांधलेली गाठ सोडली ती यासाठीच. तरी २००८ मध्ये महागाई दहा टक्क्यांच्या वर गेलीच. त्या वर्षी मी वहीत 'शिल्लक' या शब्दापुढे तीन महिने लागोपाठ रेघ ओढलेली आहे. असो.

खर्चाचं म्हणाल तर कुवेतने काही गोष्टी फार स्वस्त ठेवल्या. आयकर नाही. खुबूसचं पाकीट ५० फिल्सला. विजेचा दर १९६६ पासून कित्येक दशकं युनिटला २ फिल्स, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये एसी चोवीस तास चालवला तरी छातीत धडकी भरत नव्हती. मग खनिज तेलाचे भाव कोसळले आणि सरकारने हात आखडता घेतला. १ सप्टेंबर २०१६ ला सुपर पेट्रोल ६५ फिल्सवरून १०५ वर गेलं. ऑक्टोबर २०१७ पासून परदेशी लोकांसाठी सरकारी दवाखान्याची फी १ दिनारवरून २ झाली आणि इस्पितळाची १०. पण खरे दोन खड्डे म्हणजे घरभाडं आणि शाळेची फी. आमच्या पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा भाड्यात जायचा. म्हणून तर अब्बासियात 'शेअरिंग'ची पद्धत पडली. दोन बेडरूमचा फ्लॅट, दोन कुटुंबं, एक स्वयंपाकघर आणि भांडी घासण्यावरून एक कायमचं शीतयुद्ध! आम्ही चार वर्षं एका कोट्टायमच्या कुटुंबाबरोबर राहिलो. फोडणीत खोबरेल तेल मला तेव्हापासून चालतं.

पण या गावात मिळकतीचा सगळ्यात मोठा अर्थ वस्तूंच्या भावात नाही. बायकोमुलांना इथे आणायचं तर महिन्याचा पगार अमुक दिनार हवा, अशी सरकारी अट आहे. २०१६ पर्यंत ती २५० होती. त्या वर्षी ४५० झाली, २०१९ मध्ये ५००. काही व्यवसायांना सूट होती, बाकीच्यांना नाही. ज्याचा पगार या रेषेच्या खाली तो 'बॅचलर'. मग घरी तीन मुलं का असेनात! अशा बॅचलरांना अब्बासियात खोली मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत सहा-सहा खाटा असतात. ही स्वस्ताई किती महाग पडते ते १२ जून २०२४ ला मंगफच्या कामगारांच्या इमारतीला आग लागली तेव्हा दिसलं. त्यात चाळीसहून अधिक भारतीय गेले. आणि एप्रिल ते जुलै २०२० मध्ये करोनामुळे जलीबची नाकेबंदी होती, तेव्हा रोजंदारीवाल्यांना ना काम, ना बाहेर जायची सोय. आमच्या इमारतीखालच्या बकालातली उधारीची वही त्या काळात माझ्या वहीपेक्षा जाड झाली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर सांगलीकडचे एक भाऊ राहतात. एसी दुरुस्तीचं काम करतात. दर भाऊबीजेला माझ्याकडे जेवायला असतात. २०१६ च्या आधी पगार अटीत बसत होता, पण आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून वहिनी तिकडेच थांबल्या. आई गेल्या तोवर अट ४५० झाली होती आणि भाऊंचा पगार होता ४००. २०१९ च्या उन्हाळ्यात तो ४६० झाला. कागदपत्रं साक्षांकित करून आणली आणि तेवढ्यात अट ५०० झाली. चाळीस दिनार कमी पडले, त्या वेळच्या भावाने जेमतेम नऊ हजार रुपये! २०२२ मध्ये पगार ५१० वर गेला, तर कुटुंबाचे व्हिसाच थांबवले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, अट ८०० दिनार आणि पदवी. जुलैमध्ये पदवीची अट काढली, ८०० ची राहिली.

दिनार तेव्हा २७० रुपयांच्या वर गेला होता. म्हणजे भाऊंचे ५१० दिनार सांगलीत १,३७,००० रुपयांहून जास्त होतात, आणि त्यांच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर सगळ्यात मोठं आहे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी वेगळी खोली काढली आहे. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस ते तिथे उतरतात.