छोट्या दूरचित्रवाणी प्रक्षेपकांचा अस्त आणि परवान्याचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना दूरचित्रवाणीच्या प्रसारणातील मुख्य अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दक्षिणेला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावरील अक्कलकुवा गाव व सपाटीचा पट्टा, तर उत्तरेला मोलगीच्या पुढे थेट नर्मदेच्या काठापर्यंत पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या कुशीत विखुरलेले पाडे. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून सोडलेल्या दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्यामागच्या दरीत चित्र पोहोचत नाही. अशा प्रदेशासाठी एकच उपाय होता, तो म्हणजे जागोजागी लहान प्रक्षेपक उभारणे. देशभरचे हे लहान प्रक्षेपक आता जवळजवळ सर्वच बंद झाले आहेत. ते कसे उभे राहिले, का बंद झाले आणि त्यांच्या जागी काय आले, याची माहिती वाचकांसाठी आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची दहा-अकरा वर्षे दूरदर्शन हे प्रामुख्याने मोठ्या शहरांचे माध्यम होते. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर परिस्थिती पालटली. उपग्रहाकडून आलेले कार्यक्रम मोठ्या तबकडीने उतरवून घ्यायचे आणि शंभर वॅटच्या प्रक्षेपकावरून परिसरात पुन्हा सोडायचे, अशी ही सुटसुटीत योजना होती. अशा लघुशक्ती प्रक्षेपकाचा पल्ला साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर असे. डोंगराळ भागासाठी अवघ्या दहा वॅटचे अतिलघुशक्ती प्रक्षेपकही होते. १९८४ च्या उत्तरार्धात काही महिने देशात दररोज सरासरी एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. पुढे त्यांची एकूण संख्या चौदाशेच्या आसपास गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे प्रक्षेपक स्वतः काही निर्माण करीत नव्हते. दिल्ली व मुंबईचे कार्यक्रम ते जसेच्या तसे पुढे पाठवीत. तालुक्यातील बाजारभाव, नदीचा पूर किंवा देहवाली, पावरी यांसारख्या बोलीतील एखादे निवेदन त्यावरून देण्याची सोयच नव्हती. याला एक लक्षणीय अपवाद शेजारच्या गुजरातमध्ये होता. खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ मध्ये एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभारला गेला आणि इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने त्यावर तेथील शेतकरी, शेतमजूर व स्त्रिया यांच्या प्रश्नांवर त्यांच्याच बोलीत कार्यक्रम केले. १९८४ मध्ये युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार देऊन या प्रयोगाचा गौरव केला. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, ते केंद्र बंद करण्यात आले. अंकीय युग यायला तेव्हा बराच अवकाश होता. त्यामुळे छोटी केंद्रे केवळ तंत्रज्ञान बदलल्यामुळे बंद पडतात, हे म्हणणे आम्हाला पूर्णपणे पटत नाही.

तंत्रज्ञानाचा बदल मात्र खराच आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरात येणारी निःशुल्क सेवा सुरू केली. आज ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. तबकडी आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की मासिक वर्गणी नाही. अक्कलकुव्याहून पाहिले तर तिचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून पन्नास अंशांहून अधिक उंचीवर आहे. त्यामुळे डोंगराचा अडथळा बहुधा राहत नाही आणि मनोऱ्याचे चित्र ज्या दरीत कधी उतरले नाही तेथेही ते स्वच्छ दिसते. पाड्यावरच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

यानंतर जुन्या प्रक्षेपकांचा खर्च निरर्थक वाटू लागला. प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले, त्यानुसार तोवर सुमारे सत्तर टक्के प्रक्षेपक बंद झाले होते. उरलेल्यांपैकी १५२ प्रक्षेपक ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, १०९ प्रक्षेपक ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि १५१ प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ रोजी बंद करण्याचे ठरले. संवेदनशील ठिकाणचे सुमारे पन्नास तेवढे वगळण्यात आले. वर्षाला अंदाजे शंभर कोटी रुपयांची बचत होईल आणि मोकळ्या झालेल्या लहरी नव्या सेवांना वापरता येतील, अशी कारणे देण्यात आली.

अमेरिकेत असाच बदल झाला तेव्हा लघुशक्ती केंद्रांसाठी १३ जुलै २०२१ ही शेवटची मुदत होती. तेथे ही केंद्रे खाजगी व्यक्ती, स्थानिक संस्था, महाविद्यालये यांच्या मालकीची आहेत आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र परवाना असतो. सलग बारा महिने प्रसारण थांबले तर तो रद्द होतो. म्हणजे तेथे केंद्र बंद पडताना कोणाचा तरी हक्क जातो, आणि हक्क जाणारा माणूस दाद मागू शकतो. आपल्याकडे मनोरे सरकारचेच असल्याने परवान्याचा प्रश्नच उद्भवला नाही. बटण बंद झाले, इतकेच.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात ध्वनिलहरी व चित्रलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले होते. त्या विचाराला अनुसरून २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. त्या रेडिओची शक्ती किती, तर तीच शंभर वॅट! जमिनीवरून होणारे दूरचित्रवाणी प्रसारण मात्र दूरदर्शनखेरीज कोणालाही कधीच खुले झाले नाही. लहान केंद्राचा परवाना लहान माणसाच्या हाती द्यावा, हा विचार दूरचित्रवाणीच्या बाबतीत आपल्या देशात झालाच नाही, आणि खरी उणीव येथे आहे असे आम्हाला वाटते.

परवान्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट छोट्या गावातील माणसाकडे होती, ती केबलचालकाची नोंदणी. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे मुख्य टपाल कार्यालयात वर्षाला पाचशे रुपये भरून ती मिळे. दोन-चार तबकड्या, काही उपकरणे, खांबांवरून ओढलेली तार आणि एखादी स्थानिक वाहिनी एवढ्यावर गावचा व्यवसाय चाले. शाळेचे स्नेहसंमेलन, गावची जत्रा, उद्या पाणी येणार नसल्याची सूचना हे सारे त्या वाहिनीवर दिसे. चित्र पुष्कळदा धूसर असायचे, पण ते गावचे होते.

२०११ च्या दुरुस्तीने केबल प्रसारण अंकीय करणे सक्तीचे झाले. महानगरांपासून सुरू झालेले टप्पे पुढे ढकलत ढकलत ३१ मार्च २०१७ पर्यंत आले. अक्कलकुवा तालुक्यातील खेडी या अखेरच्या टप्प्यातील. सांकेतिक स्वरूपातील वाहिन्या, ग्राहकनोंदीची संगणकीय व्यवस्था आणि सेट टॉप बॉक्स यांचा खर्च लहान चालकाला पेलणे कठीण होते. स्वतः मल्टी सिस्टीम ऑपरेटर व्हायचे तर नोंदणीसाठीच एक लाख रुपये. म्हणून बहुतेकांनी दूरच्या शहरातील मोठ्या कंपनीची जोडणी घेतली. त्यांची नोंदणी कागदावर राहिली, पण कोणती वाहिनी दाखवायची हा निर्णय त्यांच्या हातून गेला.

३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्थानिक वाहिन्यांनाही नियमांत बसविले. अशी वाहिनी नोंदणीकृत मल्टी सिस्टीम ऑपरेटरलाच चालविता येते. प्रत्येक वाहिनीची नोंदणी एक हजार रुपयांत होते, परंतु स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर चालविणारी संस्था कंपनी असणे आवश्यक आहे. एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांहून अधिक वाहिन्या अशा असू शकत नाहीत. बातम्यांबाबत जबाबदारी निश्चित असावी, हे योग्यच. तथापि ज्या गावात एकट्या माणसाने वायर, कॅमेरा आणि निवेदन अशी तिन्ही कामे केली, त्याला कंपनी स्थापन करण्याची अट ही दार बंद करण्यासारखीच आहे.

१७ जानेवारी २०२५ पासून स्थानिक केबलचालकांची नोंदणी टपाल कार्यालयाऐवजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे संगणकीय पद्धतीने होते. शुल्क पाच हजार रुपये, मुदत पाच वर्षे आणि क्षेत्र संपूर्ण भारत. दरवर्षीचे हेलपाटे वाचले, ही सोय झाली. मात्र या नोंदणीने केवळ दुसऱ्याच्या वाहिन्या घरोघरी पोहोचविता येतात. स्वतःची स्थानिक वाहिनी दाखवायची असेल, तर मोलगीच्या चालकालाही आपल्या मल्टी सिस्टीम ऑपरेटरकडेच जावे लागते.