क्षय आणि थायसिस : दोन भावंडे

पाचगणी पाहिली नाही अशी महाबळेश्वरची भगिनी विरळाच. तेथे १९१२ साली डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर सॅनिटोरियम काढले. क्षयावर खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा, एवढाच उपचार. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. पाचगणी त्या मानाने कोरडी, म्हणून रुग्णांचा ओढा तिकडे.

त्या काळच्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत या रोगाला थायसिस असे नाव असे. लिहिताना आरंभी चार व्यंजने, बोलताना त्यांतील पहिली दोन गिळायची! शब्द ग्रीक; मूळ रूप फ्थिसिस, अर्थ झिजणे. हिप्पोक्रेटीसच्या सूत्रांत हा रोग विशेषेकरून अठरा ते पस्तीस या वयात होतो असे सांगितले आहे. म्हणजे संसाराचे ऐन वय.

झिजणे म्हणताच आपल्याला क्षय आठवतो. भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, हे साम्य केवळ अर्थाचे नाही. दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूचे आहेत. संस्कृतात जेथे क्ष, तेथे ग्रीकात काही शब्दांत ट किंवा थ असलेले जोडाक्षर येते. अस्वल आपल्याकडे ऋक्ष, त्यांच्याकडे आर्क्टोस; सुतार आपला तक्षन्, त्यांचा टेक्टोन. तसेच आपले क्षि आणि त्यांचे फ्थि. मग ग्रीकांनी आपलाच शब्द उचलला, असे कोणी लगेच म्हणेल. तसे नव्हे. भावंडांपैकी एक दुसऱ्याचे अपत्य नसते.

मला खरी मौज वाटते ती चंद्राची. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून दक्षाने शाप दिला आणि चंद्राला राजयक्ष्मा जडला, ही कथा आपण जाणतोच. पंचांगात आपण तिथीचा क्षयही पाहतो. तिकडे अथेन्सचे लोक महिन्याच्या अखेरच्या दिवसांना याच फ्थि धातूवरून 'झिजता महिना' म्हणत!

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. शाप, ग्रहदशा, कुळाचा दोष ही कारणे शास्त्रातून गेली. घराघरांतून मात्र गेली नाहीत. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले की, घरी राहून नियमित औषध घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो. तरी सुनेला क्षय झाला की तिला माहेरी धाडणारी घरे होतीच. आज औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. थायसिस हा शब्द केव्हाच मागे पडला, आपण टी.बी. म्हणतो, आणि तेही अजून आवाज खाली आणून.