जुन्या मोटारींतील विद्युत दोषांचा शोध

मोटारीच्या विद्युत यंत्रणेतील बिघाडाचे नेमके ठिकाण हुडकून काढण्याच्या क्रियेस विद्युत दोषशोधन म्हणतात. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत दोषाचे संकेतांक देणारा संगणक नसतो. त्यामुळे मल्टिमीटर, चाचणी दिवा आणि तारांची आकृती यांवरच विसंबावे लागते.

अर्थिंगचे दोष

अशा गाडीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते व दिव्यातील प्रवाह बहुधा पत्र्यातूनच परततो. जोडाच्या जागी गंज चढला किंवा रंगाचा थर राहिला, की रोध वाढतो. दिशादर्शक लावताच मागील लाल दिवाही त्याच्यासोबत लुकलुकू लागणे, हे याचे ठळक लक्षण होय.

१२ व्होल्ट, ६० वॅटचा दिवा सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम असतो. वाटेत केवळ ०.६ ओहमची भर पडली, तरी दिव्याला सुमारे ९.६ व्होल्टच मिळतात आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. पुष्कळदा अशा वेळी चांगली बॅटरीच विनाकारण बदलली जाते. दिवा काढून, बटण चालू ठेवून मोजल्यास गंजलेल्या जोडातूनही जवळजवळ पूर्ण दाब दिसतो. कारण प्रवाह नगण्य असताना रोधावर दाब घटत नाही. म्हणून दिवा पेटता ठेवून त्याचे धातूचे बूड आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक असल्यास परतीचा मार्ग सदोष समजावा.

बॅटरी उतरणे

सर्व बटणे बंद असूनही अर्धा अँपिअर प्रवाह वाहत राहिल्यास ४० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने ८० तासांत रिकामी होते; स्टार्टर त्याआधीच फिरेनासा होतो. ऋण टोकाची तार सोडवून मध्ये अँपिअरमापक जोडावा व एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी प्रवाह थांबतो, त्या शाखेत दोष असतो. एकाही फ्यूजने फरक न पडल्यास अल्टरनेटरचा डायोड तपासावा. मापक जोडलेला असताना गाडी सुरू करू नये. स्टार्टरच्या प्रवाहाने तो निकामी होतो.

वारंवार उडणारा फ्यूज

फ्यूजच्या जागी जाड तार बसवल्यास तारांचे आवरण वितळून आग लागू शकते. त्याऐवजी तेथे २१ वॅटचा दिवा तात्पुरता जोडावा. शॉर्ट सर्किट असेल तोवर तो पूर्ण तेजाने पेटतो. मग त्या शाखेतील एकेक जोड सुटा करीत जावे. ज्या जोडाशी दिवा विझतो, त्याच्या पुढील भागात दोष असतो.